दिग्लाभ : माल न देणाऱ्या विक्रेत्याचा जुना कज्जा

बेळगाव-धारवाडकडची आमची नातलग मंडळी सौदा पक्का करताना 'संचकार' देतात. आम्ही माळव्यातले लोक त्यालाच 'बयाणा' म्हणतो आणि पुण्याकडे 'इसार' किंवा 'विसार' म्हणतात. शब्द निराळे असले तरी वस्तू एकच, सौदा मोडणार नाही याची खूण म्हणून आगाऊ हातावर ठेवलेली रक्कम. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून 'पोटावर संचकार आला' असे ऐकलेल्या वाचकांना या शब्दाचा वेगळाच अर्थ आठवेल. पण आज आम्हांस त्याचा व्यवहारातला अर्थ हवा आहे. संस्कृतातला 'सत्यंकार' हा शब्द प्राकृताच्या वाटेने घासत घासत 'संचकार' झाला. सत्यंकार म्हणजे खरे करणे, दिलेल्या शब्दाला सत्याचे रूप देणे.

हा शब्द याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आहे. त्या स्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत (इ. स. १०७६ ते ११२६) कल्याणी येथे लिहिली. हैदराबादकर वाचकांना ते गाव बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणून ठाऊक आहे. विज्ञानेश्वराने सत्यंकाराचे उदाहरण दिले आहे ते अंगठीचे. खरेदी-विक्रीची बोलणी पार पडावीत म्हणून एकाने आपली अंगठी दुसऱ्याच्या हाती दिली. पुढे अंगठी देणाराच फिरला, तर अंगठी गेली. घेणारा फिरला, तर त्याने ती दुप्पट करून द्यावी. गोव्यातील वाचकांना हा नियम अपरिचित वाटणार नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. विक्रीच्या वचनाबरोबर 'सिनाल' म्हणजे विसार दिला असेल, तर मोडणाऱ्याने तो गमवावा किंवा दुपटीने परत करावा, असेच त्या कायद्यात होते. कल्याणी आणि लिस्बन यांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. रोमन कायद्याच्या परंपरेतून एक आले, स्मृतींच्या परंपरेतून दुसरे आले, आणि फिरलेल्या विक्रेत्याला दोन्हींनी सारखाच हिशेब दाखवला.

पण विसार हा सौद्याचा उंबरठा झाला. खरी अडचण त्यापुढची आहे. खरेदीदाराने पुरी किंमत मोजली, विक्रेत्याने ती घेतली आणि माल काही दिला नाही, तर खरेदीदाराने मागायचे तरी काय? माल, पैसे, पैशांवरचे व्याज, की तो माल मिळाला असता तर झाला असता तो नफा? तीस-एक वर्षांच्या सरकारी नोकरीत भांडार-खरेदीच्या फायली हाताळताना हा प्रश्न आमच्यासमोर अनेकदा आला, आणि एकदा तर तो आम्हांला चांगलाच महागात पडला. ती हकीकत पुढे येईल. आधी प्रश्नाची वंशावळ पाहू.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी खटल्यांची अठरा कारणे सांगितली आहेत. त्यांना व्यवहारपदे म्हणत. त्यांपैकी एका पदाला नारदाने सरळ 'विक्रीयासंप्रदान', म्हणजे विकून न देणे, असे नावच दिले आहे. मालाच्या विक्रीचा स्वतंत्र कायदा हा इंग्रजांनी आणलेला प्रकार आहे असे समजणाऱ्या आमच्या काही वकील मित्रांना हे नाव ऐकून आश्चर्य वाटले होते. कौटिल्याने अर्थशास्त्रात विकलेला माल न देणाऱ्यास बारा पण दंड सांगितला. माल सदोष निघाला, राजा, चोर, अग्नी किंवा पाणी यांचे संकट कोसळले, किंवा सौदाच सोसण्यापलीकडचा होता, तर दंड माफ. कौटिल्य मुळात राज्याचा कारभारी, त्यामुळे त्याची नजर राजाच्या दंडावर. आमच्यासारख्या जुन्या सेवकाला ती नजर ओळखीची वाटते. दंड भरून घेतला की फाईल बंद. खरेदीदाराच्या हाती काय पडले, ही चौकशी नंतरची.

याज्ञवल्क्याची नजर खरेदीदाराकडे आहे. किंमत घेऊन माल न देणाऱ्याकडून तो माल 'उदया'सह, म्हणजे मधल्या काळातील वाढीसह, देववावा असे तो सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो की खरेदीदार परमुलखातून आलेला असेल, तर त्याला 'दिग्लाभ' द्यावा. दिक् म्हणजे दिशा, देश. तो माल आपल्या देशी नेऊन विकल्यावर त्याला जो नफा झाला असता, तो. नारदाने हा भेद अधिक स्वच्छ केला. मधल्या काळात भाव उतरला, तर विक्रेत्याने माल द्यावाच, शिवाय उतरलेल्या भावाचा फरकही द्यावा. पण हा नियम स्थानिकांसाठी. दिशादिशांना हिंडणाऱ्या व्यापाऱ्याला दिग्लाभ.

आमच्या माळव्यातलेच उदाहरण घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये उज्जयिनीहून भडोच बंदराकडे तलम व जाडेभरडे कापड जात असल्याची नोंद आहे. समजा, भडोचचा एक व्यापारी बैल घेऊन उज्जयिनीला आला, कापडाची पुरी किंमत त्याने मोजली, आणि विक्रेता आज देतो, उद्या देतो करीत राहिला. तिकडे बंदरातील जहाजे वारा पाहून निघून गेली. आता या माणसाला उज्जयिनीच्या भावातला दोन नाण्यांचा फरक देऊन काय उपयोग? तो कापड अंगावर घालण्यासाठी आला नव्हता आणि उज्जयिनीत विकण्यासाठीही आला नव्हता. त्याचे नुकसान भडोचला झाले, म्हणून भरपाईही भडोचच्या भावाने. स्मृतिकारांनी माणसाकडे पाहून नियम केला, हे आम्हांस त्यातले सर्वांत मोठे वाटते.

मात्र केवळ अभिमानाने ऊर भरून घेण्यात अर्थ नाही. नारदाने एक अट घातली आहे, आणि ती आपले लोक सांगताना गाळतात. हे सारे किंमत चुकती झालेल्या मालाबद्दल. पैसे दिलेलेच नसतील, तर तसा खास ठराव असल्याखेरीज माल न देणाऱ्या विक्रेत्याचा अपराध नाही. शिवाय उज्जयिनीच्या विक्रेत्याला हा खरेदीदार परगावचा आहे हे वेगळे सांगावे लागत नव्हते. बैल, बोली आणि पागोटे पाहून ते कळत होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. तीवरच पुढचे सारे भांडण उभे आहे.

पेशवाईत व्यापाऱ्यांचे तंटे पंचायतीपुढे जात. पण पंचायत बसवण्याआधीचा हुकमी उपाय होता तगाद्याचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे सविस्तर वर्णन आहे. साध्या विनवणीपासून तो सुरू होई, मग दारात धरणे धरून बसणे, येण्याजाण्याची अडवणूक करणे, आणि प्रसंगी ऋणकोच्या डोक्यावर जड दगड ठेवून उन्हात उभे करणे, इथवर त्याची मजल जाई. यात पैसे वसूल होत असतील, पण दिग्लाभाचा बारीक हिशेब दारात धरणे धरून कोण करणार?

आता ग्लॉस्टर या इंग्रजी गावात जाऊ, कारण आजच्या आपल्या कायद्याचे मूळ तिथे आहे. १८५३ साली तिथल्या हॅडले नावाच्या गिरणीवाल्यांच्या वाफेच्या यंत्राचा दांडा मोडला. त्या नमुन्यावरून नवा घडवण्यासाठी तो ग्रिनिचला पाठवायचा होता. पिकफर्ड या वाहतूक पेढीने तो पोचवण्यास उशीर केला आणि गिरणी आणखी काही दिवस बंद राहिली. बुडालेला नफा मिळावा म्हणून दावा झाला. १८५४ साली न्यायाधीश आल्डरसन यांनी सांगितले की करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान मिळेल, किंवा करार करतेवेळी दोन्ही पक्षांच्या मनात असू शकेल असे नुकसान मिळेल. हा दांडा नसला तर सारी गिरणीच ठप्प होते, ही विशेष परिस्थिती वाहतूकदाराला कळवलेली नव्हती. सबब तो नफा मागता येणार नाही. विक्रीचा हा खटलाच नव्हता, वाहतुकीचा होता. तरी विकून न दिलेल्या प्रत्येक पोत्याचा हिशेब तेव्हापासून याच मापाने होऊ लागला.

हे माप हिंदुस्थानात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मधून आले. त्या कलमाखालची उदाहरणे सवडीने वाचण्यासारखी आहेत. पहिलेच उदाहरण सोऱ्याचे आहे. पन्नास मण सोरा ठरल्या भावाने देण्याचा करार मोडला, तर माल द्यावयाच्या वेळी तेवढाच आणि तसाच सोरा खरेदीदाराला ज्या भावाने मिळाला असता, तो भाव आणि ठरलेला भाव यांतला फरक ही त्याची भरपाई. दुसरे एक उदाहरण लोखंडाचे आहे. एका व्यापाऱ्याने हजार टन लोखंड टनाला शंभर रुपयांनी पुरवण्याचे पत्करले, आणि त्यासाठीच हवे आहे असे स्पष्ट सांगून तिसऱ्याशी ऐंशी रुपयांनी सौदा केला. तिसरा फिरला. त्याने वीस हजार रुपये, म्हणजे बुडालेला सारा नफा, द्यावा. आणि एक उदाहरण टोप्यांचे. एकाने कापड मागवले, त्याच्या टोप्या शिवून विशिष्ट हंगामात विकण्याचा त्याचा बेत होता. कापड उशिरा आले, हंगाम गेला. त्याला कापडाच्या भावातला फरक मिळेल, टोप्यांचा नफा मिळणार नाही. लोखंडवाल्याने आपला हेतू सांगितला होता. टोपीवाल्याने तो मनातच ठेवला.

म्हणजे दिग्लाभ कायद्यातून मेला नाही. तो परगावच्या माणसाचा हक्क होता, तो आता सांगून ठेवणाऱ्या माणसाचा हक्क झाला. बैल आणि पागोटे यांची जागा पत्रातल्या एका ओळीने घेतली.

विक्रीसंबंधीची कलमे पुढे करार कायद्यातून काढून १९३० चा माल विक्री कायदा झाला. त्याच्या कलम ५७ अन्वये माल न देणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येतो. माल नेमका ठरलेला, ओळखता येण्याजोगा असेल, तर तोच माल द्यावा असा हुकूम कलम ५८ खाली मागता येतो. पण तो देणे न देणे न्यायालयाच्या मर्जीवर. दिलेली किंमत व्याजासह परत मागण्याचा मार्ग कलम ६१ ने खुला ठेवला. स्मृतिकार आधी माल देववीत आणि वर फरक देववीत. इंग्रजी परंपरेने आधी पैसा पुढे केला आणि माल हा अपवाद ठरवला. इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद या जुन्या संस्थानी मुलखांत हे केंद्रीय कायदे १९५१ साली लागू झाले, आणि गोव्यात मुक्तीनंतर.

आता कानपूरचा खटला. मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास हे त्याचे नाव, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६१ चा. कॅनव्हासचा सौदा वाराला एक रुपया भावाने झाला होता. माल कानपूरहून कलकत्त्याला रेल्वेने जायचा, त्याची बिल्टी ५ ऑगस्ट १९४७ रोजी खरेदीदाराला द्यायची, आणि रेल्वेभाडे व हमाली खरेदीदाराने सोसायची. बिल्टी आली नाही. ८ ऑगस्टला विक्रेत्याने कळवले की कानपूर ते कलकत्ता मालाची नोंदणी बंद झाली आहे, सबब करार पाळणे अशक्य. आणि आगाऊ रक्कम परत केली. तारखा पाहिल्या की त्या आठवड्यात रेल्वे कशाच्या ओझ्याखाली होती हे वेगळे सांगायला नको. ११ ऑगस्टला खरेदीदाराने करारभंगाचा ठपका ठेवला आणि पुढे कलकत्त्याच्या बाजारभावाने फरक मागितला.

बिल्टीवर कलकत्ता लिहिले होते. म्हणजे माल कलकत्त्याला विकायचा आहे हे विक्रेत्याला कळायला नको का? न्यायालयाचे उत्तर नकारार्थी आले. भाडे खरेदीदाराचे, म्हणजे माल देण्याची जागा वस्तुतः कानपूरच. व्यापारी नफ्यासाठी घेतो हे सर्वांनाच ठाऊक असते. तेवढ्या माहितीवर अमुक गावचा नफा विक्रेत्याच्या गळ्यात बांधता येत नाही. तसाच कॅनव्हास खरेदीदाराने कानपुरात दुसरीकडून घ्यायला हवा होता, निदान त्या दिवशीचा तिथला भाव तरी सिद्ध करायला हवा होता. कानपूरच्या भावाचा पुरावाच नव्हता. करार मोडला होता, तरी खरेदीदाराच्या पदरात भरपाईचा एक रुपयाही पडला नाही.

नारदाने हा दावा कसा सोडवला असता, याचा विचार आम्ही अनेकदा केला आहे. खरेदीदार दिग्विचारी होता, तेव्हा दिग्लाभाचा धनी. पण त्याने विसारच दिला होता, पुरी किंमत नव्हे, आणि तोही त्याला परत मिळाला होता. तेव्हा नारदाच्या दारातूनही तो बहुधा रिकाम्या हाताने परतला असता; फार तर विज्ञानेश्वराने अंगठीची आठवण करून देऊन विसार दुप्पट करवला असता. आमच्या मते ते कलकत्तेकरासाठी अधिक न्याय्य ठरले असते. दुप्पट विसारात कोणाला कानपूरचा भाव शोधत बसावे लागत नाही.

खरेदीदार सरकार असले तरी माप बदलत नाही. मौला बक्ष या ठेकेदाराने १९४७ साली उत्तर प्रदेशातील लष्करी कार्यालयाला बटाटे, आणि दुसऱ्या कराराने कोंबड्या, अंडी व मासळी पुरवण्याचे पत्करले होते. अनामत होती दहा हजार आणि साडेआठ हजार रुपये. पुरवठा वारंवार चुकला, सरकारने करार मोडून अनामत जप्त केली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले की तुम्ही त्या दिवसांत बटाटे आणि अंडी बाजारातून कोणत्या भावाने घेतलीत? तो भाव सांगणे सरकारला सहज शक्य होते, तरी कोणी सांगितला नव्हता. नुकसान सिद्ध झाले नाही, सबब अनामत परत. ज्याने पुरवठा केला नाही तोच जिंकला, असे बाहेरच्याला वाटेल. आत काय झाले असेल ते आम्हांला पुरते कळते, कारण आमचेही तसेच झाले.

१९९१ चा उन्हाळा. आमच्या जिल्ह्यात गव्हाच्या पोत्यांच्या थप्प्या उघड्यावर होत्या. ताडपत्र्यांसाठी एका व्यापाऱ्याला लेखी मागणी दिली, काही रक्कम आगाऊ दिली. माल ५ जूनला यायचा. आमच्या सहीच्या त्या पत्रात माप होते, जाडी होती, भाव होता. ताडपत्र्या कशासाठी हव्यात, हे नव्हते. ५ जून उलटला. आम्ही स्मरणपत्र धाडले, मग दुसरे, मग तिसरे. सरकारी माणसाला स्मरणपत्र हा उपाय वाटतो. कायद्याच्या दृष्टीने तो दिवस घालवण्याचा प्रकार आहे. मधल्या काळात मृग बरसला. जुलैत दुसरीकडून चढ्या भावाने ताडपत्र्या घेतल्या, तोवर खालच्या दोन थरांतील गव्हाला मोड आले होते.

दावा झाला तेव्हा आम्ही साक्षीला उभे होतो. प्रतिपक्षाच्या वकिलांनी दोनच प्रश्न विचारले. ६ जूनचे एखादे दरपत्रक आहे का? नव्हते. गव्हाचा उल्लेख मागणीपत्रात कुठे आहे का? नव्हता. शेवटी आगाऊ रक्कम व्याजासह परत मिळाली, बाकी काही नाही. जुलैचा भाव हा जूनचा भाव नव्हे, आणि भिजलेला गहू हे टोपीवाल्याचे नुकसान ठरले. निकालात चूक काढावी असे काही नव्हते. तो गहू पुढे जनावरांच्या खाद्यासाठी लिलावात गेला. लिलावाच्या कागदावरही सही आमचीच होती.

त्यानंतर आमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मागणीपत्रात आम्ही एक वाक्य घालवून घेत असू. माल अमुक कामासाठी, अमुक तारखेआधी हवा आहे, आणि तो न आल्यास तुमच्या जबाबदारीवर व खर्चाने दुसरीकडून घेतला जाईल. आणि मुदत टळल्याच्या दुसऱ्या दिवशी कारकुनाला बाजारात पाठवून तीन दुकानांची तारीखवार दरपत्रके आणवत असू. तरुण सहकारी हसत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आम्हांला एक घडी केलेली छोटी ताडपत्री भेट दिली.

२०१८ साली विशिष्ट अनुतोष कायद्यात दुरुस्ती होऊन आमच्या त्या वाक्यासारखीच तरतूद कायद्यात आली. निदान तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून काम करवून घ्यावे आणि खर्च मोडणाऱ्याकडून वसूल करावा. घरगुती गिऱ्हाइकाची सोय त्याआधीच, १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने झाली होती. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. घरबसल्या मागवलेली साडी आली नाही, तर इंदूरच्या बाईंना सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत हवी. दिवाणी दाव्याला मुदत तीन वर्षांची.

पण पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. कानपूरचा तो कॅनव्हासवाला आज आला, तर आयोग त्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवील, आणि तिथे त्याला पहिल्याच तारखेला विचारले जाईल की ५ तारखेचा कानपूरचा भाव आणला आहे का.